‘माझे पात्र असेच वागेल’ : भूमिका-खेळाच्या टेबलावरच्या सवयींविषयी

रविवारचा सूत्रधार

गेली चार वर्षे दर दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावरून लोणच्याच्या बरण्या ओट्यावर जातात आणि माझ्याखेरीज आणखी पाच जण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीसाठी जमतात. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने हा खेळ प्रसिद्ध झाला. एक जण जगाचे वर्णन करतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात काय करतात ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासा पडतो. वर्णन करणाऱ्याला सगळे डीएम (डन्जन मास्टर) किंवा जीएम (गेम मास्टर) म्हणतात. आमच्या टेबलावर मात्र ‘सूत्रधार’ हाच शब्द रुळला आहे.

आमची सध्याची मोहीम, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, सातव्या सेशनला मोडली, आणि कशी मोडली ते लिहिल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही. चोराचे पात्र घेतलेल्या खेळाडूने मुक्कामाच्या रात्री आपल्याच गटातील धर्मोपदेशिकेच्या थैलीतून देवळाची अंगठी काढली. मी फासा टाकायला सांगितला, विसांपैकी अठरा पडले, अंगठी गेली. धर्मोपदेशिका खेळणाऱ्या मुलीने “हे कशासाठी?” असे विचारले, तेव्हा उत्तर आले, “मी काय करू? माझे पात्र चोर आहे, ते असेच वागेल.” ती काही बोलली नाही. तिने पेन्सिलीला टोपण लावले आणि कॅरेक्टर शीट फोल्डरमध्ये ठेवून दिले.

येथवर चूक त्याची होती; यापुढची माझी आहे. मला त्याचा राग आला होता, आणि तो राग मी नगररक्षकांच्या हातून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी चोराला अटक झाली, खटला उभा राहिला, आणि पुढचे दोन तास मी न्यायाधीश, वकील व तीन साक्षीदार असे सगळे आवाज एकटाच काढत बसलो. आरोपी जिद्दीला पेटला होता. उरलेल्यांपैकी दोघे मोबाइलमध्ये होते आणि एक जण सर्वांचे फासे रंगांप्रमाणे लावत होता. पुढच्या रविवारसाठी ग्रुपवर विचारले, तर तिघांची लग्ने निघाली.

नंतर विचार करताना जाणवले की टेबलावरच्या एका माणसाच्या वागण्याला मी पात्राकरवी उत्तर देत होतो. खेळ दोन मिनिटे थांबवून “अरे, हे तू का करतो आहेस?” एवढे माझ्या स्वतःच्या तोंडाने विचारणे मला सुचले नाही. तेव्हा ही वेळ येऊ नये म्हणून सूत्रधाराने आणि खेळाडूंनी कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, यावर या मंचावरील अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वीस बाजू

तुमच्या हकिकतीतील एक वाक्य माझ्या दृष्टीने कळीचे आहे : “मी फासा टाकायला सांगितला.” का सांगितला? एका खेळाडूची वस्तू दुसऱ्याने घ्यावी की नाही, हा प्रश्न दोन माणसांच्या संमतीचा होता. तुम्ही तो फाशावर सोडलात आणि अठरा पडल्यावर तुमचेच हात बांधले गेले. आमच्याकडे साधा रिवाज आहे. एका पात्राने दुसऱ्या खेळाडूच्या पात्राविरुद्ध काहीही करायचे ठरवले, तर ते यशस्वी झाले की नाही हे ज्याच्याविरुद्ध केले तो खेळाडू सांगतो. “हो, चोरलीस, पण सकाळी मला कळेलच” असे म्हणायला त्याला आवडले तर प्रसंग रंगतो, आणि तो नको म्हणाला तर फाशाला हात न लावता विषय तेथेच संपतो.

आता फाशाविषयी थोडे गणित, कारण वाईट सवयींपैकी निम्म्या येथून निघतात. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के असते. पात्राचे कौशल्य +५ असेल, म्हणजे पडलेल्या आकड्यात पाच मिळवायचे असतील, आणि काम मध्यम अवघड, म्हणजे १५ गाठायचे असतील, तर दहा किंवा अधिक पडायला हवेत. ही शक्यता ५५ टक्के. ठीक आहे. पण पुष्कळ सूत्रधार भिंतीपाशी एकदा, अंगणात एकदा आणि दारापाशी एकदा असा ‘लपून जाण्याचा’ फासा तीनदा मागतात. तिन्ही वेळा यश मिळण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या आसपास येते. आपण त्या खेळाडूला जवळजवळ नक्की पकडणार असे ठरवून बसलो आहोत, याचा सूत्रधाराला पत्ताच नसतो. चौघांनी एकेकदा टाकायचा आणि चौघांनाही जमले पाहिजे असे म्हटले, तर शक्यता ९ टक्के. म्हणूनच पाचव्या आवृत्तीत गटाच्या चाचणीचा नियम आहे : किमान निम्म्यांना जमले तर सर्वांना जमले. त्याच चौघांची शक्यता मग ७६ टक्के होते.

त्यामुळे फासा मागण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो की हा अपयशी ठरला तर गोष्टीत नेमके काय बदलेल. उत्तर ‘काही नाही, पुन्हा प्रयत्न करतील’ असे असेल, तर मी दार उघडून देतो. खेळाडूंना माझी उलटी विनंती असते : “मी पर्सेप्शन (निरीक्षण) टाकतो” असे म्हणत फासा घरंगळवू नका, कपाटामागे हात घालता की फरशीवर काठी आपटून पाहता, ते सांगा. पुष्कळदा फाशाची गरजच उरत नाही.

कोपऱ्यातली जादूगार

मी सूत्रधार कधी झालेले नाही, त्यामुळे खेळाडूच्या बाजूने लिहिते. खेळाडूंनी सूत्रधाराकडे करमणुकीचा कंत्राटदार म्हणून पाहणे ही माझ्या मते मुळातली खोड आहे. सहा माणसांच्या टेबलावर चार तासांत एकाच्या वाट्याला सरासरी चाळीसच मिनिटे येतात. उरलेल्या तीन तास वीस मिनिटांत आपण काय करतो, यावर आपण चांगले खेळाडू आहोत की नाही हे ठरते.

माझ्या सवयी अगदी घरगुती आहेत. माझ्या पात्राचे मंत्र मी छोट्या कार्डांवर लिहिते, म्हणजे “थांबा हं, तो नियम कुठे होता” म्हणत पाने उलटण्यात इतरांचा वेळ जात नाही. लढाईत माझ्या आधीच्या खेळाडूची पाळी चालू असतानाच मी माझा बेत ठरवते. वहीत गावांची आणि माणसांची नावे टिपते, कारण सूत्रधाराने तीन महिन्यांपूर्वी सहज निर्माण केलेल्या चहावाल्याची मी नावानिशी चौकशी केली की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो कोणत्याही राक्षसाला मारून मिळत नाही.

आता थोडे अवघड बोलते. पहिल्या टेबलावर मी तीन सेशन फक्त “मी पण जाते” एवढेच वाक्य बोलले. मोठ्या आवाजाच्या दोघांमध्ये शिरायचे कसे, ते मला कळत नव्हते आणि सूत्रधार समजत होता की मला गप्प बसणे आवडते. चौथ्या सेशनला त्या दोघांपैकीच एकाने, योद्ध्याच्या आवाजात, शेकोटीपाशी माझ्या पात्राला विचारले : “तुझ्या काठीवर नाव कोरले आहे, ते कुणाचे?” मला काहीच सुचले नव्हते, तरी मी “बहिणीचे” म्हणून टाकले आणि पुढची आठ सेशन ती बहीण शोधण्यात गेली. दुसऱ्याच्या पात्राला प्रश्न विचारणे ही खेळाडूने लावून घेण्याजोगी पहिली सवय आहे. तिला फासा लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि सूत्रधाराला तेवढ्यात पाणी पिता येते.

‘माझे पात्र असेच वागेल’ याविषयी एवढेच म्हणेन की ते पात्र आपणच लिहिलेले असते. चोराला मित्रांच्या थैलीत हात घालायचा नाही, एवढी एक ओळ त्याच्या स्वभावात घालायला किती वेळ लागतो?

जुना भिडू

चर्चा उत्तम आहे, पण आता कोणीतरी ‘सेशन झिरो’ (खेळाआधीची बोलणी करण्याची बैठक), रेषा, पडदे, कार्डे असा सरंजाम घेऊन येईल, म्हणून आधीच विरोध नोंदवतो. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र आहोत आणि एकही कागद न लिहिता खेळतो. खेळ सुरू करण्यापूर्वी सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे विषयपत्रिका घेऊन बसायचे असेल, तर मी वार्षिक सभेलाच जाईन. तेथे निदान सामोसा मिळतो.

पायपेटी

जुना भिडू यांचा मुद्दा मला अर्धा पटतो. मी कुडाळकडचा. लहानपणापासून जत्रांमध्ये दशावतार पाहत आलो आहे, आणि भूमिका-खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रात्री कोणते आख्यान लावायचे ते ठरते, कोण राजा, कोण राक्षस, कोण स्त्रीपार्टी ते वाटले जाते, कथेचे टप्पे बोलून घेतले जातात आणि मग उजाडेपर्यंतचे सगळे संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. आमच्या गावच्या जत्रेत रंगपटाच्या मागे जाऊन बसायची मला खोड होती. तोंडाला रंग लावता लावता दोन नट ठरवत होते : “तू शाप दिल्यावर मी लगेच पाया पडणार नाही, थोडा भांडेन, तू ताणून धर.” अर्ध्या मिनिटाचे बोलणे. नंतर रंगमंचावर ते भांडण असे रंगले की मंडपातली म्हातारी माणसे राक्षसाला शिव्या घालू लागली. दोघांमध्ये आधी बोलणे झाले होते, म्हणूनच त्यांना एवढे भांडता आले. सेशन झिरो म्हणजे माझ्या लेखी तेच अर्धे मिनिट, थोडे लांबवलेले. कॉलेजच्या मित्रांचे ते दहा-पंधरा वर्षांत न कळत होऊन गेलेले असते, म्हणून कागद लागत नाही. धागाकर्त्याच्या चोराने रंगपटात “आज रात्री तुझी अंगठी चोरू का?” एवढे विचारले असते तर?

आणखी एक गोष्ट मी त्या नटांकडून उचलली. चांगला नट आपले भाषण अशा ठिकाणी सोडतो की समोरच्याला उत्तर द्यायला जागा राहील. सगळे मुद्दे स्वतःच संपवून टाकणाऱ्याला टाळ्या पडतात, पण समोरचा नुसता उभा राहतो आणि प्रवेश पडतो. सूत्रधारांनी आपली वर्णने तेथेच सोडावीत. तीन-चार वाक्ये पुरतात, आणि शेवटचे वाक्य ‘तुम्ही काय करता?’ हे असावे.

कोपऱ्यातली जादूगार

जुना भिडू, तुमच्या टेबलाला कार्ड नको असेल, मान्य आहे. पण अनोळखी माणसांबरोबर खेळताना ते किती साधे असते, ते सांगते. एक्स-कार्ड ही कल्पना जॉन स्टाव्रोपुलॉस यांची : टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेला एक कागद ठेवायचा, कोणाला काही असह्य झाले तर त्याने त्यावर बोट ठेवायचे, आणि कारण न विचारता तो भाग बदलायचा. ‘रेषा’ म्हणजे खेळात मुळीच येऊ नये अशी गोष्ट, आणि ‘पडदा’ म्हणजे घडेल पण दाखवली जाणार नाही अशी. आमच्याकडे लहान मुलांना इजा ही रेषा आहे आणि छळाचे प्रसंग पडद्यामागे जातात. हे ठरवायला आम्हाला दहा मिनिटे लागली.

दीड वर्षात आमच्या कार्डावर एकदाच बोट पडले. तळघरात साप होते आणि एका खेळाडूच्या घरी सर्पदंशाने माणूस गेलेला होता, हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. सूत्रधाराने पापणी न हलवता “तळघरात खेकडे आहेत, मोठे” म्हटले आणि खेळ पुढे गेला. त्या खेळाडूने ती घरची हकिकत आम्हाला सहा महिन्यांनी सांगितली.

गिरगावचा गुप्तहेर

मी मुख्यतः ‘कॉल ऑफ कथुलू’ चालवतो. हा भयकथांचा भूमिका-खेळ १९८१ सालचा. तो बहुतेकदा १९२० च्या दशकात खेळला जातो आणि त्यात शंभरपैकी टक्केवारीवर फासे टाकतात. मी माझे रहस्य त्याच दशकातील मुंबईत, एका चाळीत बेतले होते. मृताच्या गादीखाली फोटो काढल्याची पावती होती आणि तीवरूनच स्टुडिओचा पत्ता लागणार होता. चौघांनी ‘स्पॉट हिडन’ (लपलेले शोधण्याचा फासा) टाकले, चौघेही चुकले. मी चाळीस मिनिटे त्यांना त्या खोलीत फिरवत ठेवले, शेवटी घरमालकाच्या तोंडून पावतीचा उल्लेख करवला आणि सर्वांना कळले की मी करवला.

भूमिका-खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा एक प्रसिद्ध सल्ला मला तेव्हा माहीत नव्हता : खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायलाच हवा, त्यासाठी किमान तीन धागेदोरे ठेवा, म्हणजे एखाददुसरा हुकला तरी उरलेला कामी येईल. आता मी पावतीबरोबर भिंतीवरच्या चौकटीची रिकामी जागा आणि शेजारणीला आठवणारा ‘फोटोवाला’ हेही ठेवतो, आणि गोष्ट पुढे जाण्यास आवश्यक असलेला धागा फाशामागे कधीच दडवत नाही. फासा फार तर अधिकची माहिती देतो.

याच अनुभवातून दुसरी सवय लागली. मी ‘पुढे काय होईल’ हे लिहिणे सोडले आणि ‘खेळाडूंनी काहीच केले नाही तर काय होईल’ हे लिहू लागलो. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या दुसऱ्या भूमिका-खेळात यासाठी सुरेख साधन आहे : कागदावर वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि संकट जवळ येईल तसा एकेक भाग भरायचा. मी ते वर्तुळ सर्वांसमोर ठेवतो. तिसरा भाग काळा झाला की चर्चा आपोआप आटोपती होते. ‘चला, उरका’ असे मला म्हणावे लागत नाही. खेळाडूंनी माझा बेत उधळला तर तयारी वाया गेल्याचे दुःखही होत नाही, कारण उधळायला बेतच नसतो. नावांची यादी मात्र हवीच. आयत्या वेळी नाव विचारले की माझ्या प्रत्येक हवालदाराचे नाव तुकाराम निघते.

अहोजाहो

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याकडे, म्हणजे पात्राचे तोंड आणि स्वतःचे तोंड वेगळे ठेवण्याकडे, परत येतो. कारण मराठीत खेळणाऱ्यांना यासाठी एक आयती सोय आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. मी पुरुष आहे आणि माझे पात्र एक म्हातारी वैदू आहे. “मी आत जाते” म्हटले की म्हातारी बोलली. “मी आत जातो” म्हटले की मी पाणी आणायला स्वयंपाकघरात निघालो. क्रियापदाच्या एका स्वरात टेबलावरच्या सर्वांना कळते की कोण बोलते आहे. हे जाणवल्यापासून आम्ही नियम केला : पात्र नेहमी ‘मी’ म्हणेल, आणि खेळाडूला पात्राविषयी बाहेरून बोलायचे असेल तर तो पात्राचे नाव घेईल. “मी तुला माफ करणार नाही” ही नाटकातली ओळ. “गोदाक्का माफ करणार नाही, पण मला हा प्रसंग आवडतो आहे, चालू ठेवा” ही खेळाडूने दिलेली ग्वाही. दुसरे वाक्य वेळेवर बोलण्याची सवय लागली, तर निम्मी भांडणे टळतात.

तीच गोष्ट तू, तुम्ही आणि आपण यांची. इंग्रजीत खेळताना सरदार आणि हमाल दोघेही ‘यू’च असतात. मराठीत सूत्रधाराच्या वेशीवरच्या शिपायाने गटातील एकाला ‘या’ आणि दुसऱ्याला ‘ये रे’ म्हटले की त्या नगराचा अर्धा समाज उभा राहतो. वर्णनाची गरज नाही. तेव्हा नियमांचे शब्द खुशाल इंग्रजी ठेवा, पण माणसांना मराठीत बोलू द्या.

कड्यावरचा धनुर्धर

मी न्यू जर्सीत राहतो आणि पुण्यातील मित्रांबरोबर डिस्कॉर्ड या ऑनलाइन बोलण्याच्या ॲपवर खेळतो, म्हणून फक्त वेळेविषयी. मोहिमा राक्षसांनी मरत नाहीत, ‘या आठवड्यात कोणाला जमेल’ या प्रश्नाने मरतात. दिवस कायमचा ठरवा आणि पाचपैकी तिघे आले तरी खेळा. आमची वेळ भारतीय संध्याकाळी साडेसात. उन्हाळ्यात माझ्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात आणि नोव्हेंबरात येथील घड्याळे मागे गेली की नऊ. पहिल्या वर्षी मी एक तास उशिरा उगवलो आणि माझ्या धनुर्धराला मित्रांनी तोवर कड्यावरून लटकत ठेवले होते. ऑनलाइन एकाच वेळी दोघे बोलले की कोणाचेच ऐकू येत नाही, म्हणून सूत्रधाराने नाव घेऊन विचारावे.

रविवारचा सूत्रधार

सर्वांचे मनापासून आभार. पायपेटी यांचा प्रतिसाद वाचून काल मी चोराच्या खेळाडूला फोन केला आणि हिंमत करून सरळ विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सात सेशनमध्ये तू एकदाही कुलूप ठेवले नाहीस. मी चोर घेतला आणि माझ्यासाठी काही कामच नव्हते.” मी माझ्या टिपणांची वही काढून पाहिली. गुहा, जंगल, नदी, पुन्हा गुहा. खरोखरच एकही कुलूप नव्हते.

त्यानंतर त्याने धर्मोपदेशिकेच्या खेळाडूशी स्वतःच बोलून घेतले. तिची अट एवढीच आहे की अंगठी परत मिळावी आणि खटल्याचे कामकाज पुन्हा वाचून दाखवले जाऊ नये. या रविवारी अर्धा तास रंगपटातला, मग खेळ. मोहिमेत आता एक तुरुंग आहे, त्याला अकरा कुलुपे आहेत, आणि पाचही जणांना पहाऱ्यावरून लपून आत जायचे आहे. वीस बाजू, गटाच्या चाचणीत पाचांचे निम्मे म्हणजे किती धरायचे?

वीस बाजू

‘किमान निम्मे’ म्हणजे तीन. पण जपून : सर्वांची शक्यता ५५ टक्के धरली तर चौघांत दोघांना जमण्याची शक्यता ७६ टक्के होती, ती पाच जणांत तिघांना जमण्यासाठी ५९ टक्क्यांवर येते. एकाला बाहेर घोड्यांपाशी थांबवा.

कोपऱ्यातली जादूगार

आणि त्या एकाला घोड्यांपाशी काहीतरी काम द्या.